लोदपर्यंतचा शुक्रवार

सरळ रेषेत मोजले तर मुंबईचा सांताक्रूझ विमानतळ आणि इस्राएलमधला लोद विमानतळ यांच्यामधले अंतर अडीच हजार मैलांच्या थोडे वर भरते. हे मी स्वतः मोजलेले आहे. पनवेलच्या हायस्कुलातून मागून आणलेल्या बारा इंची पृथ्वीगोलावर मुंबईपासून लोदपर्यंत दोरा ताणून धरला, तेव्हा तो पावणेचार इंचांहून किंचित जास्त भरला. त्या गोलावरचा एक इंच म्हणजे सहाशेसाठ मैल. मुंबईच्या टेक्निकल कॉलेजात आम्हांला जमिनीची मोजणी शिकवली होती, आकाशाची नव्हे. तरी गोलावर ताणलेला दोरा हा दोन ठिकाणांमधला सर्वांत जवळचा मार्ग असतो, एवढे त्या शिक्षणातून पक्के लक्षात राहिले होते. सपाट नकाशावर पट्टी ठेवून मोजणारा माणूस इथे हमखास चुकतो.

हे मोजण्याची वेळ माझ्यावर १९५३ च्या फेब्रुवारीत आली, आणि ती मिलकामावशीमुळे आली.

मिलकाबाई वाक्रुळकर ही माझी सख्खी मावशी नव्हे. आमच्या आळीत तिचे घर आमच्या समोर होते आणि माझी आई तिला बहीण मानत असे. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कुलाबा जिल्ह्यातले यहुदी. गावोगावचे लोक आम्हांला शनिवार तेली म्हणत, कारण आमचे तेलाचे घाणे शनिवारी बंद असत. शुक्रवारी सूर्य मावळल्यापासून शनिवारी चांदण्या दिसेपर्यंत आमचा शब्बाथ, त्यात काम नाही आणि प्रवासही नाही. मावशीचे यजमान हसाजी हे पनवेलातल्या शेवटच्या घाणेवाल्यांपैकी एक. ते गेल्यावर घाणा थांबला, बैल विकले गेले, परसात दगडी उखळी तेवढी राहिली. एकुलता एक मुलगा शालोम तीन वर्षांपूर्वी इस्राएलला गेला आणि तिथे बेर्शेबा गावात सुतारकाम करू लागला. तेव्हापासून मावशीचे एकच चालले होते, की डोळे आहेत तोवर शालोमला पाहायचे.

अडचण तिच्या हृदयाची होती. जाणाऱ्या प्रत्येकाला मुंबईच्या डॉक्टरचा दाखला लागे. दोनदा त्या डॉक्टरने तिला परत पाठवले. तिसऱ्यांदा त्याने सही केली, पण बजावून सांगितले, "आजी, ही सही या एका विमानापुरती. पुढच्या खेपेला मी करणार नाही, दुसरा कुणीही करणार नाही."

ते विमान गुरुवारी संध्याकाळी सांताक्रूझहून निघणार होते आणि शुक्रवारी सकाळी लोदला उतरणार होते. पनवेल, पेण आणि अलिबागकडची मिळून आमची अठरा माणसे त्यातून जाणार होती. त्यांत मावशीचा भाचा बिन्यामीन आणि त्याची बायको होती. बिन्यामीन तिशीचा, बोलका, थोडा उतावळा. मावशीला सांभाळून नेण्याचे काम त्याच्याकडे होते.

मंगळवारी दुपारी तो मुंबईहून परतला तो थेट मावशीच्या ओटीवर. मी त्या वेळी सार्वजनिक बांधकाम खात्यात ओव्हरसियर होतो आणि जेवणासाठी घरी आलो होतो. समोरून मावशीचा आवाज आला, म्हणून मीही गेलो. ओटीवर काळूराम बसला होता. काळूराम कामोठ्याचा आगरी, मिठाच्या लॉरीचा मालक. त्याच्या घरी तीन पिढ्या हसाजींचे तेल जात असे. सामान आणि माणसे मुंबईला पोचवायचे त्याने आपण होऊन कबूल केले होते आणि ट्रंकांचा अंदाज घ्यायला तो आला होता.

"विमान उशिरा येतंय," बिन्यामीन सांगत होता. "काहीतरी दुरुस्ती निघाली. गुरुवारऐवजी शुक्रवारी पहाटे पाचला सुटेल. एवढंच. काही घाबरायचं कारण नाही."

"घाबरतंय कोण?" मावशी म्हणाली. "शुक्रवारी पाचला सुटलं तर पोचतं कधी?"

"संध्याकाळी."

"सूर्य असताना की गेल्यावर?"

बिन्यामीनने माझ्याकडे पाहिले आणि हसून म्हणाला, "मावशी, विमानात दिवे असतात."

"तुझ्या विमानातल्या दिव्यांचं मला काय करायचंय? शुक्रवार आहे. सूर्य गेला की शब्बाथ लागला. सत्तर वर्षांत माझा शब्बाथ वाटेत लागलेला नाही. आता काय आकाशात लागायचा?"

"मावशे," काळूराम म्हणाला, "त्याच्यापरीस ऱ्हा ना हितंच. शिमगा आयलाय चार दिसांवं. पुरनपोली खाऊन जा."

"तू गप रे. लॉरी किती वाजता आणतोस ते सांग." मग ती माझ्याकडे वळली. "शिमशोन, तू कॉलेजात शिकलास. मला नीट मोजून सांग. उद्यापर्यंत."

तिच्या मनात काय होते ते मला लगेच कळले. विमान शब्बाथपूर्वी उतरणार नसेल, तर ती चढणार नव्हती. आणि या विमानात चढली नाही, तर डॉक्टरच्या त्या सहीचा उपयोग संपत होता.

त्या संध्याकाळी मी गोल आणला, दोरा ताणला आणि वर सांगितलेला आकडा काढला. त्या विमानाचा वेग ताशी सव्वादोनशे मैलांच्या आसपास असल्याचे बिन्यामीनने विचारून आणले होते. या हिशेबाने अकरा तासांचा प्रवास. मला बरे वाटले. पण ज्या मार्गाने आपण जाणार त्या मार्गाची चौकशी केल्यावाचून अंतर कागदावर पक्के करायचे नाही, ही माझी रस्त्यांच्या कामातली सवय. म्हणून बुधवारी सकाळी पोस्टात जाऊन आमच्या माणसांना इस्राएलला पाठवणाऱ्या मुंबईच्या कचेरीला ट्रंक कॉल लावला. तेव्हा समजले की विमान दोऱ्याच्या रेषेने जाणारच नव्हते. मधल्या अरब राष्ट्रांचे आकाश लोदला जाणाऱ्या विमानांना बंद होते. विमान आधी उत्तरेला इराणमध्ये तेहरानला जाणार, तिथे तेल भरणार, मग तुर्कस्तानावरून समुद्राकडे वळून वरच्या बाजूने लोदला उतरणार. मी पुन्हा दोरा घेतला. या वेळी तो तीन ठिकाणी टाचण्यांवरून वळवावा लागला. अंतर तीन हजार मैलांच्या वर गेले आणि तेहरानचा मुक्काम धरून प्रवास पंधरा तासांचा झाला.

गोल घेऊन मी मावशीकडे गेलो तेव्हा ऊन दारातून आत आले होते. काळूराम आणि बिन्यामीन ट्रंकांना दोर बांधत होते. मी गोल उन्हात ठेवला.

"पाच अधिक पंधरा," मी म्हणालो. "आपल्या घड्याळात रात्रीचे आठ."

मावशीने हातातली लुगड्याची घडी खाली ठेवली. "झालं तर मग. आठला इथं दिवा लावून तास होऊन गेलेला असतो."

"इथं. पण तू इथं नसशील." मी गोल हळूहळू फिरवला. "हे पनवेल. हे लोद. पनवेल अंधारात गेलं, दिसतंय? लोद अजून उन्हात आहे. आपल्याकडे आठ वाजतात तेव्हा तिथं दुपारचे साडेचार वाजलेले असतात. सूर्य तिथं साडेपाचनंतर मावळतो."

तिने वाकून गोलाकडे पाहिले. एक बोट पनवेलवर आणि एक लोदवर ठेवून तिने स्वतः गोल फिरवून पाहिला, उलटाही आणि सुलटाही.

"म्हंजी इमान सूर्याच्या मागं पलतंय," काळूराम म्हणाला, "नि सूर्य त्याच्या म्होरं."

"सूर्यच जिंकतो," मी म्हणालो, "पण विमान त्याला बराच वेळ नजरेआड होऊ देत नाही."

"ते खरं," मावशी म्हणाली. "पण इथं गव्हाणच्या बाजूच्या टेकडीला सूर्य टेकला की मी दिवा लावते. पंचांगात काय लिहिलंय ते मी बघत नाही. माझ्या सासूनं तसंच केलं, तिच्या सासूनंही. आकाशात टेकडी कुठली रे?"

"टेकडी नाही. तिथं खिडकीतून सूर्य दिसेल. तो समुद्राला टेकला की शब्बाथ."

तिने लोदवर पुन्हा बोट ठेवले. मग म्हणाली, "चालेल. जिथं माणूस, तिथला सूर्य. तासभर शिल्लक राहतो म्हणतोस?"

"राहतो. पण एवढा वळसा नसता तर खूप राहिला असता." मी टाचण्यांवरचा दोरा दाखवला.

"आता हा कसला?" काळूराम गोलावर वाकला. "ह्या, आमच्यावानीच हाय की! गव्हानच्या बंदरावरनं ममईचे दिवे दिसतात, पन लॉरी न्यायची तं ठान्यावरून फिरून."

बिन्यामीनने टाळी वाजवली. "सुटला प्रश्न. तासभर म्हणजे पुष्कळ झाला. मावशी, घाल त्या ट्रंकेत लोणचं."

प्रश्न सुटला नव्हता, कारण माझ्या हिशेबात अजून एक गोष्ट धरलेली नव्हती. मोरीचा पूल बांधताना पाणी नेहमी जेवढे येते तेवढेच येईल असे धरून चालत नाही. विमानाच्या बाबतीत पाण्याच्या जागी वारा. माझा एक वर्गमित्र मुंबईतल्या कुलाब्याच्या वेधशाळेत नोकरीला होता. दुपारी पुन्हा पोस्टात जाऊन मी त्याला विचारले. तो म्हणाला, "फेब्रुवारीत वर पश्चिमेचा वारा असतो. म्हणजे तुमच्या विमानाच्या तोंडावर. कधी दहा मैल, कधी पंचवीस, कधी चाळीस. त्या दिवशी किती, ते त्या दिवशी कळेल."

पंचवीस मैल धरले तर सव्वादोनशेचा वेग दोनशेवर येतो. सबंध प्रवासात पावणेदोन तास वाढतात. शिल्लक तास होता एक.

त्या संध्याकाळी मावशीकडे मलिदा होता. आमच्यात लांबच्या प्रवासाला निघण्यापूर्वी संदेष्टा एलियाहू हनाबी याच्या नावाने हा विधी करतात. भिजवलेले पोहे, खोवलेला नारळ, साखर आणि फळे यांचे ताट मांडतात, टोप्या घालून पुरुष प्रार्थना म्हणतात आणि सगळे मिळून ते खातात. आळीतली बहुतेक माणसे येणार होती. मी आत शिरण्यापूर्वीच बिन्यामीनने मला जिन्याच्या कोपऱ्यात गाठले. त्याच्याबरोबर आमच्या जमातीचे मुकादम, म्हणजे प्रमुख, रहामिमजी होते.

"काका, वेधशाळेचं ऐकलं मी," बिन्यामीन म्हणाला. "पोस्टमास्तरानं सांगितलं. तुम्ही वाऱ्याचं मावशीपुढे काढू नका."

"विचारलं तर?"

"विचारणारच. तुम्ही फक्त 'पोचेल' म्हणा. तुमच्या तोंडून आलं की ती चढते. वरती काय व्हायचं ते होईल. एकदा लोदला शालोम दिसला की ती सूर्याचं नाव काढते का बघा."

रहामिमजी वयाने माझ्यापेक्षा मोठे आणि स्वभावाने शांत. ते म्हणाले, "शिमशोन, आजारी माणसाच्या जिवासाठी शब्बाथ बाजूला ठेवायला परवानगी आहे. हीसुद्धा एक प्रकारची आजारीच. मुलासाठी झुरतेय. एका शब्दानं तिचं भलं होत असेल तर विचार कर."

मी विचार केला. त्यांचे म्हणणे मला वेडेपणाचे वाटले नाही. मी खोटे आकडे दिलेले तिला कधीच कळले नसते आणि वारा पडलेला असता तर ते खोटेही ठरले नसते. पण तिने मला मोजायला सांगितले होते. तिच्या जागी ठरवायला सांगितले नव्हते.

मलिद्याची प्रार्थना झाली. बायकांनी ताटे फिरवली. काळूराम ओटीच्या कठड्यावर बसून केळे सोलत होता. मावशी मधल्या खोलीच्या उंबऱ्यापाशी पाटावर बसली होती. सगळ्यांचे खाऊन होईपर्यंत तिने काही विचारले नाही. मग पदराला हात पुसून म्हणाली, "शिमशोन, सूर्याचं मला पटलं. आता शेवटचं सांग. पोचेल की नाही?"

बिन्यामीन माझ्याकडे पाहत होता.

"वारा पडलेला असला तर पोचेल, मावशी," मी म्हणालो. "नेहमीसारखा असला तर उतरायच्या आधीच सूर्य जाईल. वारा कसा असेल ते मला सांगता येत नाही."

"झालं!" बिन्यामीनने कपाळावर हात मारला. "एवढा शिकलेला माणूस, दोन दिवस दोरे ताणले, आणि उत्तर काय, तर वारा!"

"ओरडू नकोस. विचारलं मी, सांगितलं त्यानं."

"मिलकाबाई," रहामिमजी म्हणाले, "विमान काही तुम्ही चालवणार नाही. वाटेत शब्बाथ लागला तर दोष तुमचा नाही."

"घाणा मी कुठं ओढत होते, रहामिमजी? बैल ओढायचा. तरी शुक्रवारी त्याला सोडायचोच ना?"

एक बाई हुंदका दाबत आत गेली. तिला वाटले, मावशी आता जात नाही. मलाही तसेच वाटले.

मावशीने मात्र पाट थोडा पुढे ओढला. "तुझा तो दोरा मधे टाचणीवर अडकला होता. ते कुठलं गाव?"

"तेहरान. इराणची राजधानी."

"तिथं विमान टेकतं?"

"टेकतं. तेल भरायला."

"कधी?"

"तिथल्या दुपारी बाराच्या आसपास. वारा कितीही असला तरी सूर्य मावळायच्या खूप आधी."

"तिथं आपल्या धर्माची माणसं आहेत?"

"पुष्कळ," रहामिमजी म्हणाले. "एस्तेर राणीच्या काळापासूनची. इस्राएलला जाणाऱ्यांसाठी त्यांनी तिथं उतरायची सोयही केलेली आहे."

"मग मी तिथं उतरते," मावशी म्हणाली. "शनिवार तिथं काढते. पुढच्या विमानानं शालोमकडे जाते. रविवारी पुरिम आहे, एस्तेर राणीचा सण, तोही तिच्याच मुलखात होईल."

दोघेतिघे एकदम हसले. बिन्यामीन हसला नाही.

"मावशी, ही आपटा गावची एसटी आहे का? कंडक्टरला सांगितलं, घंटा मारली, उतरलो?"

"तुझे काका पेणहून तेल विकून यायचे. शुक्रवारी वाटेत सूर्य खाली आला की जे गाव असेल तिथं थांबायचे. गाडी सोडायचे, बैलाला पेंढा टाकायचे आणि शनिवारी चांदण्या दिसल्यावर निघायचे. चार मैलांवर घर असलं तरी. मी कधी विचारलं नाही, का आला नाहीत म्हणून. इकडे मला ठाऊक असायचं, कुठंतरी थांबलेत."

"आमच्या ओटीवं थांबायचे," काळूराम कठड्यावरून म्हणाला. "मी बारका व्हतो. तेलीबाबा बसलेले दिसले का माझी आई समजायची, आज शनवार. आमच्या घरात कॅलिंडर कुठं व्हता?"

"ते कामोठं होतं रे काळूदादा!" बिन्यामीनचा आवाज चढला. "तिथं सगळे ओळखीचे. तेहरानला बर्फ पडतं. हिला मराठीशिवाय काही येत नाही. हृदय असं. पुढच्या विमानात जागा मिळाली नाही तर परत यायचं नाव नाही, पुढं जायचं नाव नाही. आणि शालोम तिकडे लोदला उभा असेल. अठरातली सतरा उतरली, आई कुठाय म्हणेल. मी त्याला काय सांगू?"

"सांग, शनिवार होता, थांबली. तेल्याचा मुलगा आहे तो."

मला वाटले, इथे तरी मी दुसरी बाजू तिच्यापुढे मांडली पाहिजे. "मावशी, बिन्यामीन म्हणतो ते खोटं नाही. डॉक्टरची सही मुंबई सोडण्यापुरती लागते, ती अडचण तिथं येणार नाही. पण पुढच्या विमानात जागा मिळेलच अशी हमी कुणी देणार नाही. आठवडा लागेल, महिना लागेल. काही बरंवाईट झालं तर शालोम राहून जाईल."

"ठाऊक आहे," ती म्हणाली. एवढेच. मग तिने उरलेला मलिदा एका वाटीत काढला आणि काळूरामच्या घरच्यांसाठी त्याच्या हातात दिला.

गुरुवारी दुपारी लॉरी निघाली. मी रजा घेऊन बरोबर गेलो, रहामिमजीही आले. मुंबईच्या कचेरीतला अधिकारी हा गोष्टी नियमाने करणारा माणूस होता. रहामिमजींचे म्हणणे ऐकून तो आधी चिडला. "आजी, असं कुणी करत नाही," तो तिला म्हणाला. "गटातल्या सगळ्यांचे कागद एकत्र असतात."

"मग माझा वेगळा काढा," मावशी म्हणाली. "सुईदोरा हवा असेल तर माझ्या ट्रंकेत आहे."

शेवटी त्याने तेहरानला तार केली. उत्तर आले की फक्त बाईंना उतरवून घेऊ. पुढच्या जागेचे मात्र सांगता येत नाही. त्याने तिचे नाव आणि तेहरानचा पत्ता एका पुठ्ठ्यावर तीन लिप्यांत लिहून तिच्या शालीला टाचला. मावशीने तो पुठ्ठा उलटसुलट पाहिला आणि मराठी नाही म्हणून खाली मला मराठीतही लिहायला लावले.

शुक्रवारी पहाटे पाचला थोडी मिनिटे असताना ती शिडी चढली. नऊवारी लुगडे, त्यावर शालोमने धाडलेला लोकरी कोट, पायांत काळूरामच्या बायकोने आग्रहाने दिलेल्या नव्या चपला. मागून बिन्यामीन दोन पिशव्या घेऊन चढत होता आणि अजूनही काहीतरी बोलत होता. विमानाने धावपट्टीवर वेग घेतला आणि समुद्राच्या बाजूने ते उठले. मी वारा पाहायचा प्रयत्न केला, पण जमिनीवरच्या वाऱ्यावरून वरच्या वाऱ्याचा अंदाज येत नाही.

पुढचे मला पत्रांतून तुटक तुटक कळत गेले. सविस्तर ऐकले ते दोन वर्षांनी, बिन्यामीन आणि त्याची बायको पनवेलला परतल्यावर. तिकडे त्याला काम मानवले नव्हते. त्या काळात आमच्यातली आणखीही काही माणसे परत आली. एका दुपारी तो माझ्या ओटीवर बसून बोलत होता.

तेहरानला बर्फ खरेच होते. शिडीच्या पायथ्याशी एक जाडजूड बाई उभी होती. तिने मावशीच्या शालीवरचा पुठ्ठा वाचला आणि तिचा हात धरला. मावशीने वळून बिन्यामीनला सांगितले, "लोणच्याची बरणी शालोमकडे दे, फोडू नकोस," आणि ती त्या बाईबरोबर चालू लागली. तिच्या चपलांचे ठसे बर्फात उमटले होते, ते विमान वळेपर्यंत दिसत होते.

"आणि पुढं?" मी विचारले.

"पुढं काय! वारा नव्हताच, काका. मी सारखा खिडकीतून सूर्य बघत होतो. बायको म्हणाली, तुम्हांला मावशीचं वारं लागलं. लोदला उतरलो तेव्हा सूर्य चांगला हातभर वर होता. सामान घेऊन बाहेर आलो तरी ऊन होतं." त्याने चहाचा कप बाजूला सरकवला. "शालोम कुंपणाशी उभा होता. एकेक माणूस मोजत होता. मी सांगितलं, शनिवार म्हणून थांबली. त्यानं माझ्या हातातून बरणी घेतली आणि बाकावर जाऊन बसला."

पुढच्या आठवड्याच्या विमानात जागा नव्हती. त्यानंतरचे बर्फामुळे सुटले नाही. शालोम बेर्शेबाहून दोनदा लोदला जाऊन रिकाम्या हाताने परत आला. दुसऱ्या खेपेला त्याने माझ्या नावाने पत्र लिहायला घेतले होते, ते त्याने फाडले असे बिन्यामीनने सांगितले. त्या पत्रात काय होते ते विचारायची मला गरज वाटली नाही. मावशीला तेहरानला ताप आला होता आणि तिची खबर तारेतल्या चार शब्दांपलीकडे कुणाला मिळत नव्हती. तीन शब्बाथ आणि पुरिम तिने त्या जाडजूड बाईच्या घरी काढले. तिसऱ्या आठवड्यात, एका बुधवारी सकाळी, ती लोदला उतरली. वाळली होती, पण शिडी स्वतःच्या पायांनी उतरली. शालोम धावत गेला आणि तिला उचलूनच घेतले, तेव्हा ती मोठ्याने ओरडली की कोट फाटेल.

"संध्याकाळी मी भेटायला गेलो," बिन्यामीन म्हणाला. "मला राहवलं नाही. मी म्हटलं, मावशी, पोचलो होतो आम्ही. सूर्य हातभर वर होता. तू बसून राहिली असतीस तर त्याच दिवशी शालोम भेटला असता. हे एवढं सगळं झालंच नसतं."

"मग?"

"भाजी निवडत होती. हातातली जुडी खाली ठेवली आणि म्हणाली, खरंच का रे? बरं झालं. तिथं तापात मला सारखी तुमचीच काळजी होती, माझ्या माणसांचा शब्बाथ वाटेत लागला असेल म्हणून."

बिन्यामीनने चहाचा कप उचलला. चहा निवला होता. तरी तो त्याने पिऊन टाकला आणि मला म्हणाला, "आता अशा बाईशी काय बोलायचं, तुम्हीच सांगा."